भीती खटल्याची की सवयीची?

खटला होईल या भीतीने दुकानं उरलेला खाण्याचा माल पँट्रीला, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्राला, न देता कचऱ्यात टाकतात, असं म्हटलं जातं. हा मुद्दा मला अर्धाच पटला. भीती आहे, पण तिला आधार फारसा नाही. अमेरिकेत १९९६ पासून बिल इमर्सन यांच्या नावाचा कायदा आहे. चांगल्या हेतूने दिलेलं अन्न कुणाला बाधलं तरी, घोर हलगर्जी नसेल तर, देणाऱ्यावर दायित्व येत नाही. मुळात फूड बँकेची, म्हणजे दान आलेलं अन्न साठवून गरजूंपर्यंत पोचवणाऱ्या संस्थेची, सुरुवातच फेकलेल्या मालातून झाली. १९६७ मध्ये फिनिक्सला जॉन व्हॅन हेंगेल या स्वयंसेवकाला दुकानाच्या कचरापेटीतून मुलांसाठी खाणं वेचणारी एक बाई भेटली. पैसे ठेवता-काढता येतात तशी अन्नाची सोय हवी, ही कल्पना तिचीच. त्यातून सेंट मेरीज फूड बँक उभी राहिली.

आमच्याकडच्या पँट्रीत मी शनिवारी डबे निवडायला जातो. पोचा मधोमध असेल तर डबा चालतो. कडेच्या शिवणीवर असेल किंवा झाकण फुगलेलं असेल तर सरळ बाद. 'बेस्ट बाय' (चव-दर्जा उत्तम राहण्याची) तारीख उलटली म्हणून मात्र काही फेकत नाही, बाळाच्या दुधाची पावडर सोडून. आणि हो, आता आम्ही तयार पिशव्या देणं बंद केलंय, लोक फळीवरून स्वतः उचलतात. आधी पिशवीतले राजम्याचे डबे बाहेर बाकावर तसेच सोडलेले दिसायचे. घरी कॅन ओपनरच नसायचा, हे आम्हाला फार उशिरा कळलं.