देव प्रीती आहे ना, मग त्याचं भय कशाला धरायचं?

मागच्या_बाकावरचा
लहानपणी संडे स्कूलमधे दोन्ही गोष्टी एका दमात शिकवल्या, देव प्रीती आहे आणि देवाचं भय धरा. तेव्हा काही खटकलं नाही पण आता डोकं अडकलंय. बायबलमधलं नीतिसूत्रे 1:7 म्हणतं परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा प्रारंभ आणि 1 योहान 4:18 म्हणतं पूर्ण प्रीती भीती घालवून देते. मग मी धरू की घालवू? पास्टरना विचारलं तर म्हणाले "आदरयुक्त भीती" आणि विषय संपला. खरं सांगू का, माझ्याकडून काही चुकलं की आदरबिदर काही वाटत नाही, पोटात गोळा येतो. साधा ताप आला तरी वाटतं हे त्याचंच. मग दोन दोन दिवस प्रार्थनेला बसायची हिंमतच होत नाही. हेच का ते भय?

जुनं_पान
नाही, तुम्ही सांगताय ते उत्पत्ति 3:10 मधलं आहे. पहिला माणूस आदाम पण देवाला हेच म्हणाला की भ्यालो म्हणून लपलो. आता निर्गम 20:20 उघडा. सीनाय पर्वतावर गडगडाट आणि धूर, इस्राएल लोक थरथर कापत लांब उभे, आणि त्यांचा पुढारी मोशे म्हणतो भिऊ नका, देव आलाय तो तुम्हाला त्याचं भय असावं आणि तुम्ही पाप करू नये म्हणून!! एकाच वचनात भिऊ नका पण आणि भय असू दे पण, हिब्रूत दोन्हीकडे मूळ धातू एकच. पुढच्या वचनात लोक लांबच राहिले आणि मोशे मात्र देव होता त्या काळोखाकडे गेला.
मला आपल्या मराठी बायबलमधला "भय धरणे" हा शब्दच यासाठी आवडतो. भीती वाटते ती आपल्याला विचारून वाटत नाही, ती आपल्याला धरते. भय मात्र आपण धरायचं असतं, म्हणजे हात आपला.

वादळवारा
पास्टरांचं "आदरयुक्त भीती" मला जरा मिळमिळीत वाटतं, सॉरी. आदर तर आपण सरांचा पण करतो. मार्क 4 बघा, वादळात शिष्य घाबरले तर येशूने त्यांना झापलं, इतके भित्रे का म्हणून. आणि वारा पडला, समुद्र शांत झाला, जीव वाचला, त्यानंतर लिहिलंय की ते फार म्हणजे फारच घाबरले. ग्रीकमधे भित्रेपणाला एक शब्द आणि या दुसऱ्या भीतीला वेगळा. आता बुडायची भीती नव्हतीच, भीती ही की आपल्या होडीत हा बसलाय तरी कोण. पण बघा, त्या भीतीने कोणी होडीतून उडी मारली नाही.

सुईदोरा
धरू की घालवू हा प्रश्न ऑगस्टीन नावाच्या बिशपने 1600 वर्षांपूर्वी घेतलाय, याच 1 योहान 4:18 वरच्या प्रवचनात. त्याच्यासमोर स्तोत्र 19:9 पण होतं की परमेश्वराचं भय शुद्ध आहे, सर्वकाळ टिकतं. मग जाणारं कुठलं, टिकणारं कुठलं? त्याने दोन बायकांचं उदाहरण दिलंय, एकीचं मन परक्या पुरुषात गुंतलंय, तिला भीती की नवरा येईल. दुसरीचं नवऱ्यावर प्रेम आहे, तिला भीती की तो सोडून जाईल. दोघींना विचारा भीती वाटते का, दोघी हो म्हणणार. शिक्षेची भीती ही त्याच्या मते सुईसारखी, आधी सुई आत जाते म्हणून दोरा, म्हणजे प्रीती, आत जातो, पण सुई तिथेच ठेवून शिवण होत नाही. (माझं नाव त्यावरूनच आहे 😄)

उंबरठा
सगळं छान आहे पण एक बोलतेच. मंडळीत, म्हणजे चर्चमधे, "देवाचं भय नाही का तुला" हे वाक्य मी कायम वरच्याने खालच्याला म्हटलेलं ऐकलंय. बायबलमधे उलटं आहे हो. लेवीय 19:14 सांगतं बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको, देवाचं भय धर. बहिऱ्याला ऐकू येणार नाही, आंधळ्याला कोणी केलं ते दिसणार नाही, म्हणजे जिथे पकडले जायचा चान्सच नाही तिथे हे भय कामाला येतं. आणि निर्गम 1 मधल्या शिफ्रा आणि पुवा या सुइणींना देवाचं भय होतं म्हणून त्यांनी मिसरच्या राजाचा, फारोचा, इस्राएलांचे नवजात मुलगे मारायचा हुकूम ऐकला नाही, मुलगे जिवंत ठेवले. राजाला भ्यायच्या नाहीत त्या.
आणि दादा, तापाचं म्हणाल तर योहान 9:3 वाचा. जन्मापासून आंधळ्या माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं पाप कोणाचं, येशू म्हणाला ना याचं ना याच्या आईबापांचं. प्रत्येक दुखण्याला शिक्षा समजू नका. पोटातला गोळा फारच वाढत असेल तर विश्वासातल्या कोणाशी तरी बसून बोला, एकट्याने कुढू नका.

मागच्या_बाकावरचा
सगळ्यांना थँक्यू. सुईचं लगेच पटलं. एक मात्र अजून कळत नाही, स्तोत्र 130:4 मधे आहे की तुझ्याकडे क्षमा आहे म्हणून तुझं भय धरतात. क्षमा आहे तर भय कमी नको व्हायला?

जुनं_पान
शिक्षेचं असतं तर कमी झालंच असतं. कोणी तुमचं मोठं कर्ज एका शब्दात माफ केलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर जाताना कसं वाटेल? पळावंसं नाही वाटणार, पण सहज खांद्यावर हात टाकून पण नाही बोलणार तुम्ही. आजच बसा प्रार्थनेला, दोन दिवस थांबू नका.