उत्तर: नोकरी सांभाळून एमएसडब्ल्यू, डिचोलीहून

गोव्यात डिचोलीला राहून, नोकरी न सोडता एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. वर कोणीतरी लिहिलंय, की इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून घरबसल्या कर, शनिवार-रविवारात भागतं. अभ्यासापुरतं ते खरं. इग्नूचं प्रादेशिक केंद्र गोव्यातच आहे, कुठल्याही शाखेचा पदवीधर प्रवेश घेऊ शकतो आणि 2 वर्षांचा अभ्यासक्रम 4 वर्षांपर्यंत लांबवता येतो. परीक्षा जून आणि डिसेंबरात, म्हणजे चतुर्थीच्या धांदलीत तरी येत नाहीत. माध्यम मात्र इंग्रजी किंवा हिंदी, मराठीत पुस्तकं मिळणार नाहीत.

गाडी अडते ती फील्डवर्कला, म्हणजे संस्थांत आणि लोकांच्या घरी जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामाला, आणि ते टाळता येत नाही. ताळगावच्या गोवा विद्यापीठात नियमित प्रवेश घ्या नाहीतर घरबसल्या, ते करावंच लागतं. रविवारी बहुतेक संस्थांना कुलूप असतं. इस्पितळातला समाजसेवक भेटतो तोही कामाच्या वेळेतच. म्हणून प्रवेशाआधीच साहेबांशी बोलून घ्या आणि अर्जित रजा राखून ठेवा. घरभेटी मात्र संध्याकाळी जमतात, उलट तेव्हाच माणसं घरी सापडतात. फक्त परतीची शेवटची बस विचारून ठेवा, आतल्या वाड्यांवरून ती फार लवकर सुटते.

आणि भेटीची नोंद त्याच रात्री लिहा. म्हातारी काय बोलली, सून मध्येच उठून आत का गेली, हे आठवड्याने आठवत नाही. मग फील्डवर्कच्या जर्नलमध्ये, म्हणजे नोंदवहीत, 'कुटुंबाची परिस्थिती हलाखीची आहे' असलं गुळमुळीत वाक्य उरतं, आणि पर्यवेक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

तुम्ही सध्या कुठे नोकरी करता ते लिहिलं नाहीत. पंचायत, शाळा किंवा अंगणवाडीशी संबंध येत असेल तर सांगा, पुढचं त्यावर ठरेल.