मदत हवी आहे: 'धिंगाणा घातला' हे जपानीत कसं लिहू?

एका हॉटेलच्या घटनेचा अहवाल मराठीतून जपानीत करतेय. अडलेलं वाक्य: 'दारू पिऊन त्याने लॉबीत धिंगाणा घातला.' खुर्च्या फेकल्या, कुंडी फोडली, पण कुणावर हात उचलला नाही.

शब्दकोश पाहून झाला. 'बोओर्योकु ओ फुरुउ' म्हणजे मारहाणच, ते नको. 'राम्बोओ सुरु' (दांडगाई करणे) घेणार होते, तेवढ्यात कळलं की बातम्यांत तो बलात्कारासाठी आडून वापरतात. थोडक्यात वाचले! 'किरेरु' म्हणजे एकदम डोकं फिरणं; पण तो बोलीतला, शिवाय त्यात नुसता संताप येतो, तोडफोड नाही. 'ओओआबारे' (मोठा धिंगाणा) तर मैदान गाजवणाऱ्या खेळाडूच्या कौतुकालाही चालतो.

उरला 'आबारेरु', म्हणजे धिंगाणा घालणे. पण तो उधळलेल्या घोड्यालाही लागतो आणि दंगा करणाऱ्या पोरांनाही, म्हणून धाकधूक वाटते.

माझी पातळी एन३ (जपानी भाषेच्या परीक्षेतली मधली), त्यामुळे उत्तरात कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, चालेल. भाषा औपचारिक हवी, आणि मुळात नाही ते पदरचं घालता येणार नाही.

तर नुसतं 'योत्ते आबारेता' ('पिऊन धिंगाणा घातला') लिहिलं तर जपानी वाचणाऱ्याला त्याने कुणाला मारलं असं वाटेल का? की 'वस्तू फोडल्या' हे त्याच वाक्यात जोडावंच लागेल?