चाल आणि शब्द एकाच बैठकीत

संगीत नाटक रचताना "लेखकानं संहिता पुरी करावी आणि मग ती संगीतकाराच्या हाती द्यावी" असं मत कुणी मांडलं, ते काही पटलं नाही. अशानं पदं प्रवेशाला ठिगळासारखी चिकटतात.

आपल्या गोव्यातल्या मंगेशीचे संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवाच घ्या. त्यांचं संगीत असलेल्या 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकात 'घेई छंद मकरंद' हे नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकरांचं एकच पद दोन घराण्यांच्या दोन चालींत येतं. चाल बदलली की घराण्यांमधलं भांडण कळतं, वेगळा संवाद लागतच नाही. शब्द आणि सूर एकमेकांना ओळखत असल्याशिवाय हे कसं जमायचं?

आमच्या गावात जत्रेच्या नाटकाची तालीम देवळाच्या सभामंडपात चालते. एका नव्या पदाची ओळ होती 'सरली रात किती'. गायक नटाला शेवटी तान घ्यायची, आणि वाट्याला आली 'ती'! ईकारावर गळा आवळतो. लेखक पेटीशेजारीच बसलेला, त्यानं तिथल्या तिथं 'सरली रात आता' केलं. तानेला मोकळा 'आ' मिळाला, तान सुटली. (अर्थही सुधारला, ते वेगळंच!)

श्रेय कुणाचं जास्त, हा वाद तूर्त राहू दे. गोव्याच्या कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेसाठी कुणी नवं संगीत नाटक लिहीत असेल, तर पहिल्या खर्ड्यालाच संगीतकाराला घरी बोलवा.