गावच्या पाणीपुरवठा तलावाच्या पाळीखाली पाणी झिरपते आहे. किती काळजी करावी?

कपाशीकर, नागपूर

नमस्कार. मी नोकरीनिमित्त नागपुरात मानेवाडा भागात राहतो. आईवडील आणि शेती जिल्ह्यातल्याच आमच्या गावी आहेत. आमच्या व शेजारच्या दोन गावांना नळाने मिळणारे पाणी एका लहान मातीच्या धरणातून येते. गावात त्याला कोणी धरण म्हणत नाही, तलावच म्हणतात. पाळीची उंची जास्तीत जास्त ९ मीटर असून लांबी ४०० मीटरच्या आसपास आहे.

पोळ्याला गावी गेलो तेव्हा तलाव पूर्ण भरून सांडव्यावरून वाहत होता. पाळीच्या खालच्या अंगाला, पायथ्यापासून तीन-चार पावलांवर बेशरमाची दाट झुडपे आहेत. तेथे माझी चप्पल रुतली. झुडपे बाजूला सारून पाहिले, तर ताटाएवढ्या जागेत पाणी खालून वर येत होते आणि त्याच्या भोवती बारीक मातीचे गोल कडे जमले होते, मुंग्या बिळाच्या तोंडाशी माती काढून ठेवतात तसे. वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे तेथे दर पावसाळ्यात ओल असते, परंतु असे कडे त्यांनीही यंदाच पाहिले. पाळीवर दोन जुन्या बाभळी आणि घुशींची बिळेही आहेत. शिवाय उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून गावकऱ्यांनीच सांडव्यावर मातीच्या पोत्यांची फूटभर उंच रांग लावलेली आहे.

संबंधित कार्यालयात फोन केला असता "मातीचे काम आहे, थोडे झिरपणारच" असे सांगून विषय संपवण्यात आला. पाळीखाली ओढ्याच्या काठाने सोळा घरे आहेत आणि त्यांतले एक आमचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त शाखा अभियंता

तुम्हाला मिळालेले उत्तर अर्धेच खरे आहे. मातीच्या धरणातून पाणी झिरपतेच, आणि ते स्वच्छ असेल, दरवर्षी साधारण तितकेच असेल व पायथ्याच्या चरीतून निघून जात असेल, तर पाळ ठीक आहे असे समजायला हरकत नसते. तुमच्याकडे मात्र पाण्याबरोबर माती वर येते आहे आणि जमलेले कडे हाच त्याचा पुरावा आहे. माती बाहेर पडू लागली की आत पोकळी होते, ती पायथ्याकडून तलावाच्या दिशेने मागे मागे सरकत जाते, आणि एकदा ती पाण्यापर्यंत पोचली की पाळ फुटायला काही तासही पुरतात. आम्ही याला पायपिंग म्हणत असू. माझ्या नोकरीत मी हे दोनदा पाहिले आणि दोन्ही वेळा सुरुवात अशाच लहानशा कड्याने झाली होती.

आजच करण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे मोजणी. काचेच्या स्वच्छ बाटलीत ते पाणी भरून तासभर न हलवता ठेवा आणि तळाशी किती गाळ बसतो ते पाहा. छोटी चर काढून सगळे पाणी एका जागी आणा, तेथे पंधरा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून मोजा, आणि तारीख, वेळ, तलावाची पातळी व त्या दिवशीचा पाऊस यांच्यासह वहीत लिहा. तलावाची पातळी तीच असताना किंवा उतरत असताना झिरपणारे पाणी वाढले, अथवा ते गढूळ झाले, तर कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता खालची घरे रिकामी करावीत.

त्या जागेवर चिकणमाती किंवा काळी माती थापून तोंड बुजवू नका. पाणी दुसरीकडून, बहुधा अधिक वाईट ठिकाणी, वाट काढते. तेथे आधी जाड रेती, तिच्यावर बारीक गिट्टी आणि सर्वांत वर मोठी गिट्टी असा थर हवा, म्हणजे पाणी निघत राहते आणि माती अडते. हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे.

सांडव्यावरच्या पोत्यांबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. सांडव्याची पातळी आणि पाळीचा माथा यांत जे अंतर ठेवलेले असते, ते मोठ्या पुरासाठी राखलेले असते. फूटभर पोती लावली म्हणजे त्यातले फूटभर अंतर आपण खाल्ले. दगडी भिंतीवरून पाणी गेले तर ती काही काळ तग धरू शकते. मातीची पाळ मात्र माथ्यावरून पाणी वाहू लागले की कापली जाते. पोती काढा, परंतु एकदम नव्हे, थोडी थोडी, म्हणजे खालच्या ओढ्याला लोंढा जाणार नाही.

बाभळी आत्ता तोडू नका. झाड तोडले तरी मुळे आत राहतात आणि ती कुजली की पाण्याला आयती वाट मिळते. तलाव उतरल्यावर मुळांसह काढून खड्डा थराथराने दाबून भरावा लागतो.

संत्राबाग

काका, इतका धोका असेल तर विमोचकाचे, म्हणजे तलावातले पाणी खाली सोडण्याच्या वाटेचे, दार पूर्ण उघडून तलाव दोन दिवसांत रिकामा का करू नये?

निवृत्त शाखा अभियंता

पातळी उतरवणे योग्यच आहे, पण सावकाश. पाळीची तलावाकडची बाजू पाण्याने भिजून जड झालेली असते आणि तलावातले पाणी तिला टेकू देत असते. तो टेकू झपाट्याने काढला तर आतला उतार घसरतो. रोज किती उतरवायचे हे त्या पाळीची माती पाहून अभियंत्याने ठरवावे. शिवाय विमोचकाचा पाइप पाळीच्या पोटातून जातो, त्याच्या बाजूने पाणी येते का हे दार उघडण्यापूर्वी व नंतरही पाहावे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हाही माथा खचला होता तो विमोचकाच्या वरच्याच भागात.

अंबाझरीकाठची

मी अभियंता नाही. परंतु २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आम्ही नाग नदीच्या काठच्या वस्तीत होतो. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला होता. आमच्याकडे पाळ फुटली नव्हती, नुसते ओसंडलेले पाणी होते, तरी गाडी बाहेर काढायला वेळ मिळाला नाही आणि सासूबाईंना आम्ही खांद्यावरून वरच्या मजल्यावर नेले. कोणी कोणाला फोन करायचा हे ठरलेले नव्हते, हे मला आजही सलते. सोळा घरांपैकी रात्री कोण उठून पाळ पाहील, कोण दारे ठोठावील आणि म्हाताऱ्या माणसांना कोणाच्या ट्रॅक्टरमध्ये बसवायचे, हे आजच लिहून काढा.

ग्रामपंचायत सदस्य, उमरेड तालुका

कायद्याच्या बाजूने थोडे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरहून उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी लांबी, साठा इत्यादी अटींत बसणाऱ्यांना लागू होतो; त्यांची पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी बंधनकारक आहे. तुमची पाळ ९ मीटरची असल्यामुळे त्यातून सुटते. माझ्या मते ही मोठी उणीव आहे, कारण खाली राहणाऱ्याला पाळ किती मीटरची होती याने काही फरक पडत नाही. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, आणि तेथील गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केलेली होती.

म्हणून तोंडी तक्रार करू नका. सरपंचांच्या सहीचे पत्र, छायाचित्रे आणि मोजणीची वही तलावाच्या मालक विभागाला द्या, पोच घ्या, आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. मागील तपासणीचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागताना जीविताचा प्रश्न असल्याचे स्पष्ट लिहा, कारण अशा अर्जाला ३० दिवसांऐवजी ४८ तासांत उत्तर देण्याची तरतूद आहे.

कपाशीकर, नागपूर

सर्वांचे मनापासून आभार. रजा काढून गावी आलो आहे. पहिल्या दिवशी बादली ५० सेकंदांत भरली आणि बाटलीच्या तळाशी नखाच्या जाडीएवढा गाळ बसला. ती बाटली आणि वही घेऊन सरपंचांसह तहसील कार्यालयात गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी उपअभियंता स्वतः येऊन पाहून गेले आणि त्यांच्यासमोरच रेती-गिट्टीचा थर घालण्यात आला. पोत्यांवरून ग्रामसभेत बरीच वादावादी झाली, कारण मे महिन्यात तीन-तीन दिवसांनी नळ येतो हेही खरेच आहे. तरीही निम्मी पोती काल निघाली, उरलेली उद्या निघतील. विमोचकातून थोडे थोडे पाणी सोडणे सुरू आहे. रात्रीच्या पहाऱ्यासाठी चार जोड्या ठरल्या आहेत.

आज सकाळी बादली भरायला ५८ सेकंद लागले आणि तासाभरानंतरही बाटलीचा तळ स्वच्छ होता. वही आता वडिलांकडे आहे. मी परवा नागपूरला परतेन, ते रोज सकाळी फोनवर आकडा सांगतील आणि मी तो येथे लिहीत जाईन.