फिशर–स्पास्की १९७२, सहावा डाव: काळा नेमका चुकला कुठे?

प्यादं_पुढे
रविवारी एका रॅपिड टूर्नामेंटमध्ये काळ्याकडून खेळताना क्वीन्स गँबिटला (पांढऱ्याची डी४–सी४ची सुरुवात) टार्टाकोवर बचाव लावला (तो बी६ वाला, म्हणजे काळा बी रांगेतलं प्यादं एक घर पुढे सरकवतो), सी५ आणि डी५ वर दोन प्यादी शेजारी शेजारी आली तेव्हा जाम खुश होतो, पुढे तीच गळ्याशी आली. काका म्हणाले रेकयाविकचा, म्हणजे फिशर–स्पास्कीच्या १९७२च्या जगज्जेतेपदाच्या मॅचचा सहावा डाव बघ, त्यातही काळ्याचं (स्पास्कीचं) हेच झालं. दोनदा बघितला. पण स्पास्कीने तर एक प्यादंसुद्धा फुकट घालवलं नाही, मग एवढा चेंदामेंदा कसा झाला? कॉम्प्युटरवरचं इंजिन नुसते आकडे दाखवतं.

उंटावरचा शहाणा
विसावी चाल बघ. फिशरने ई४ केलं आणि स्पास्कीने डी५चं प्यादं डी४ला ढकललं. दिसायला झकास, पण त्यामुळे सी४ घर पांढऱ्या उंटाला आंदण मिळालं ना! २३व्या चालीला उंट तिथे येऊन बसला, समोर ई६चं बिनआधाराचं प्यादं, त्यात काळ्याचा घोडा बिचारा एफ८वर. मग पांढऱ्याचं प्यादं एफ५ला आणि सगळं उघडं, घोडा एच७ला कोपऱ्यात.

अडीच_घरं
+१, पण दुखणं आधीचं आहे. १३व्या चालीला वजीर ए३ वर आल्यावर सी५चं प्यादं पिन झालं (जागचं हलता येईना), हललं तर मागे स्वतःचाच वजीर उघडा. त्यात भर म्हणून पुढच्या चालीला फिशरचा उंट बी५ला. स्पास्कीने ए६ केलं. पुढच्याच वर्षी टिमनविरुद्ध ग्रँडमास्टर गेलरने ए६ऐवजी वजीर बी७ला नेला आणि डाव जिंकला, आणि हा गेलर म्हणजे रेकयाविकला स्पास्कीच्याच टीममधला माणूस, बोला आता!

बाकी स्पास्कीच्या ३२ ते ३६ चाली नुसत्या बघत बस. वजीर ई८, डी८, ई८, डी८, ई८. जगज्जेता माणूस आणि करायला दुसरं काहीच नाही. फिशर तोवर निवांत हत्ती रचतोय, मग ३८ला हत्ती देऊन घोडा उडवला, ४१ला खेळ खल्लास. स्पास्कीने स्वतः टाळ्या वाजवल्या.

उंटावरचा शहाणा
आणि फिशर जवळपास कायम ई४वाला हं, त्या दिवशी सी४ने सुरू करून हळूच क्वीन्स गँबिटमध्ये शिरला. या विजयाने गुण ३½–२½, फिशर मॅचमध्ये पहिल्यांदा पुढे.

प्यादं_पुढे
अरे देवा, माझ्या डावातही उंट बी५ आला होता आणि मी पण ए६च खेळलो 🤦 वजीर बी७ आज रात्री लावून बघतो, शनिवारी परत त्याच पोराशी गाठ आहे.