संगीत नाटकात भूमिका मिळाली आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ गायक-अभिनेत्री व्हावे का?

मध्यलय

नमस्कार. माझे वय सव्वीस असून मी चार वर्षांपासून एका विमा कचेरीत नोकरी करते. शास्त्रीय गायनाचे शिक्षण नवव्या वर्षी सुरू झाले आणि विशारद पूर्ण झाले आहे. राज्य शासनाच्या संगीत नाट्य स्पर्धेत आमच्या हौशी संस्थेतर्फे मी तीन नाटकांत कामे केली आणि त्यांपैकी एका भूमिकेला गायनाचे पारितोषिक मिळाले. तो प्रयोग पाहिलेल्या एका व्यावसायिक निर्मात्यांनी आता एका जुन्या संगीत नाटकाच्या पुनरुज्जीवनात मला नायिकेची भूमिका देऊ केली आहे. अडीच महिने तालीम, नंतर शनिवार-रविवारी प्रयोग आणि जमल्यास विदर्भ व गोव्याचा दौरा, असे त्यांचे नियोजन आहे. तालमी दुपारीच होणार असल्यामुळे नोकरी सोडावी, असे त्यांनी सुचवले आहे.

या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांना मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. केवळ संगीत नाटकांच्या नाइटवर (दर प्रयोगाच्या मानधनावर) आज कोणाचा चरितार्थ चालतो का? आणि नायिकेच्या भूमिका मिळण्याचे वय सरल्यावर गायक-अभिनेत्री पुढे काय करते? घरच्यांचा विरोध नाही, पण त्यांच्या या दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नाही आणि ते नसताना राजीनामा देणे मला योग्य वाटत नाही.

पायपेटी

मी एकतीस वर्षे संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी स्पष्ट देऊ शकतो. केवळ संगीत नाटकांच्या नाइटवर घर चालवणारे गायक-नट मी पाहिले ते एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतलेही बहुतेक ज्यांच्या घरचीच नाटक कंपनी होती असे. इतर सगळे गुणी होते, मेहनती होते, प्रेक्षकांचे लाडकेही होते; पण त्यांची मुख्य मिळकत दुसरीकडून येत होती.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. गद्य नाटकात चार-पाच पात्रे आणि एक नेपथ्य घेऊन निर्माता गावोगाव जाऊ शकतो. संगीत नाटकात पात्रे अधिक, पोशाख ऐतिहासिक किंवा पौराणिक, शिवाय ऑर्गन, तबला आणि त्यांचे वादक. खर्च वाढला की प्रयोग कमी लावले जातात, आणि प्रयोग कमी झाले की नटाची मिळकत घटते. महिन्याला चार प्रयोग लागले तर आम्ही तो महिना चांगला समजतो. पावसाळ्यात आणि परीक्षांच्या दिवसांत तेही होत नाहीत.

नाटकामुळे जे नाव होते, त्यातून मात्र पुष्कळ दारे उघडतात. नाट्यपदांच्या मैफली, गणेशोत्सवातले आणि दिवाळी पहाटेचे कार्यक्रम, गाण्याच्या शिकवण्या, मालिकांतील लहान भूमिका, हे सगळे मागाहून येते. रंगमंचावर गाजलेल्या पदाला मैफलीत मागणी असते आणि तिथे एका संध्याकाळी मिळणारी बिदागी पुष्कळदा नाइटपेक्षा मोठी असते. म्हणून नाटक घ्यावे, असेच माझे मत आहे. फक्त ते मिळकतीसाठी घेऊ नये.

जुनी जाहिरात

वरील प्रतिसादाला इतिहासाची जोड द्यावीशी वाटते, कारण "पूर्वी नाटकावर पोट भरत होते, आता भरत नाही" हा समज अर्धाच खरा आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे "शाकुंतल" 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. पुढे नाटक मंडळ्या स्थिरावल्या, तेव्हा नटाला पगार होता आणि राहण्या-जेवणाची सोय कंपनीच्या बिऱ्हाडातच होत असे. गोड गळ्याचा मुलगा कंपनीत येई, आधी किरकोळ कामे करी, तालीम घेई आणि आवाज टिकला तर मोठ्या भूमिकेपर्यंत पोहोचे. शिक्षण, नोकरी आणि निवारा एकाच छपराखाली असलेली ती व्यवस्था होती. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या थोर गवयाची तालीम नटांना कंपनीतच मिळत असे, ही आज कल्पनेपलीकडची गोष्ट आहे.

तरीही ती व्यवस्था भक्कम नव्हती, कारण सगळा भार एक-दोन लोकप्रिय नटांच्या गळ्यावर असे आणि कंपनीचे कर्जही त्यांच्याच नावावर चढे. 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, तिने अपार वैभव पाहिले आणि अपार कर्जही पाहिले. 1935 मध्ये खुद्द बालगंधर्व "धर्मात्मा" या बोलपटात काम करताना दिसतात. बोलपट आल्यावर प्रेक्षक तिकडे वळले आणि मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या. त्या पडझडीत कोण तगले, हे तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गोविंदराव टेंबे हार्मोनियमवादक होते, गंधर्व मंडळीच्या संस्थापकांपैकी एक होते, 1911 च्या "मानापमान"ला त्यांनी चाली दिल्या होत्या, आणि 1932 मध्ये "अयोध्येचा राजा" निघाला तेव्हा त्यात नायकाची भूमिका आणि संगीत अशी दोन्ही कामे त्यांनी केली. ज्यांच्या हाती एकापेक्षा अधिक विद्या होत्या, ते व्यवसाय बदलला तरी कामावाचून राहिले नाहीत.

स्वातंत्र्यानंतरच्या पिढीने तर नोकरी आणि रंगभूमी यांचा संसार उघडपणे केला. वसंतराव देशपांडे यांनी अनेक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. "कट्यार काळजात घुसली"चा पहिला प्रयोग 24 डिसेंबर 1967 रोजी झाला, तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. ज्या भूमिकेमुळे महाराष्ट्राच्या घराघरांत त्यांचे नाव पोहोचले, ती त्या वयात त्यांच्याकडे आली, आणि मधल्या सगळ्या वर्षांत त्यांचे गाणे अखंड चालू होते म्हणूनच ती त्यांना पेलता आली. रामदास कामत एअर इंडियात नोकरी करीत होते आणि त्याच काळात "मत्स्यगंधा" व "ययाति आणि देवयानी" यांसारख्या नाटकांतून गात होते. या दोघांना कोणी हौशी म्हणणार नाही.

शिलेदार कुटुंबाचा मार्ग याहून वेगळा. जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी स्वतःची "मराठी रंगभूमी" ही संस्था चालवली, कीर्ती शिलेदार त्याच घरात घडल्या आणि संपूर्ण आयुष्य त्यांनी संगीत नाटकाला दिले. तो मार्ग मला सर्वांत आदरणीय वाटतो, परंतु त्यासाठी अख्खे घर पाठीशी लागते. एकट्या व्यक्तीने नोकरी सोडून तो धरावा, असे मी सुचवणार नाही.

तिसरी घंटा

मी सहा वर्षे व्यावसायिक संगीत नाटकांत नायकाच्या भूमिका केल्या आणि आता एका महाविद्यालयात संगीत शिकवतो. एका संस्थेकडे माझ्या अकरा प्रयोगांची नाइट आजही बाकी आहे. दौरा संपल्यावर देऊ, असे तोंडी ठरले होते. आपण सुरुवातीलाच सर्व लेखी घ्यावे. प्रत्येक प्रयोगाची नाइट किती आणि ती कोणत्या दिवशी मिळेल, तालमीच्या काळात प्रवासखर्च मिळेल का, प्रयोग आयत्या वेळी रद्द झाल्यास काय, आणि आपण आजारी पडल्यास बदली नटी कोण तयार करणार, एवढे चार मुद्दे तरी कागदावर असू द्यावेत. चांगल्या निर्मात्याला यात अपमान वाटत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

मध्यलय

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. तालमी संध्याकाळी घेता येतील का, असे मी निर्मात्यांना विचारले असून ते नाही म्हणाले नाहीत. आता एक गायनाचा प्रश्न आहे. मूळ नाटकातील पदे ज्या पट्टीत प्रसिद्ध आहेत, ती काळी पाच आहे, म्हणजे गाण्याचा "सा" पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर. माझा आवाज त्याहून खालच्या काळी तीनमध्ये मोकळा लागतो. दिग्दर्शक म्हणतात की प्रेक्षकांच्या कानांत जुनी पट्टी बसलेली आहे. मी ताण घेऊन गाऊ शकते, पण तसे करावे का?

पायपेटी

कृपया करू नका. कारकिर्दीविषयी मी तुम्हाला एकच गोष्ट सांगायची ठरवली असती, तर हीच सांगितली असती.

एका रविवारी आमचे दोन प्रयोग होते. दुपारचा प्रयोग एका गावी, मग अडीच तासांचा बसप्रवास आणि रात्रीचा प्रयोग दुसऱ्या गावी. नायिका तरुण आणि अतिशय तयारीची होती, तिचाही आवाज काळी तीनचा आणि पदे काळी पाचमध्ये बसवलेली. रात्री तिसऱ्या अंकातल्या पदात तार षड्ज (वरचा सा) जवळ येत असताना तिने माझ्याकडे पाहिले. गाणारे माणूस असे पाहते, तेव्हा पुढे काय होणार हे साथीदाराला कळते. मी स्वर भरून धरला, तबलजीने लय किंचित सैल सोडली आणि तिने ती तान टाळून शब्द मध्य सप्तकातच घेतला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. तिला मात्र नंतर तीन आठवडे बोलता येत नव्हते आणि डॉक्टरांनी स्वरतंतूंवर गाठी आल्याचे सांगितले. त्या मुलीने पुढे नाटक सोडले.

जुन्या काळी ध्वनिवर्धक नव्हते, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा म्हणून नट चढ्या पट्टीत गात. आज ती गरज उरलेली नाही. पदाची ओळख त्याच्या चालीत आणि शब्दांच्या फेकीत असते, पट्टीत नसते. दिग्दर्शकांना हवे तर एकदा दोन्ही पट्ट्यांत पद ऐकवा आणि डोळे मिटून ऐकण्याची विनंती करा.

द्वंद्वगीताचा प्रश्न मात्र निघेल. नायक काळी एकमध्ये गात असेल, तर तुमची काळी तीन त्याला फार सोयीची आहे, कारण तुमचा षड्ज (सा) म्हणजे नेमका त्याचा मध्यम (म). त्याची ओळ संपताना मी मधल्या चार मात्रांत तुमच्या षड्जावर येऊन थांबतो आणि तुमची ओळ तिथून उचलली जाते. ऐकणाऱ्याला सांधा जाणवत नाही. ऑर्गनवादकाशी हे पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या. पदे बसून गेल्यावर पट्टी बदलणे सर्वांनाच जड जाते.

गद्यपद्य

मी या नाटकांचे दिग्दर्शन करतो. आतापर्यंत सगळी चर्चा गळ्याविषयी झाली, म्हणून दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधतो. स्पर्धेत गायनाचे पारितोषिक मिळवणाऱ्या पुष्कळ मुली मी निवड चाचणीत पाहतो आणि त्यांतील बहुतेकींची अडचण गद्यात असते. पद येईपर्यंत त्या थांबून राहिलेल्या दिसतात. संवाद पाठ असतो, उच्चार शुद्ध असतात, पण समोरच्या पात्राचे त्या ऐकत नाहीत.

पदाच्या आधीचे शेवटचे वाक्य हे खरे कसोटीचे ठिकाण आहे. साथीदार त्या वाक्याखाली हलकेच षड्ज देतो. नटीने ते वाक्य बोलीतच ठेवायचे असते, तरी त्याचा शेवट त्या स्वराच्या इतका जवळ आणायचा असतो की पहिला गायलेला शब्द त्याच मनःस्थितीतून उमटल्यासारखा वाटावा. वाक्य संपवून, श्वास घेऊन, प्रेक्षकांकडे वळून गाणे सुरू केले की पात्र तिथे संपते आणि गायिका सुरू होते. हे साधायला मी तालमीत एकेका वाक्यावर तासभर घालवलेला आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. नायिकेचे वय सरल्यावर जिचे गद्य कसदार आहे, तिला आईच्या, राणीच्या, गुरुपत्नीच्या भूमिका मिळतात, गद्य नाटके मिळतात, मालिका आणि चित्रपट मिळतात. जिच्याकडे केवळ गाणे आहे, ती मैफलीकडे वळते. तीही चांगलीच वाट आहे, पण मग रंगभूमी सुटते. नव्या नाटकांतही संधी आहेत. "संगीत देवबाभळी" 2017 मध्ये आले, त्यात दोनच पात्रे आहेत आणि दोघींना तितकेच गावे आणि तितकेच बोलावे लागते. प्रशांत दामले यांनी 2022 मध्ये 12,500 प्रयोगांचा टप्पा गाठला; नाटकातले गाणे ते रंगमंचावर प्रत्यक्ष गातात, पण त्यांना इतकी वर्षे प्रेक्षक लाभला तो त्यांच्या अभिनयामुळे.

या भूमिकेबरोबरच एखाद्या प्रायोगिक संस्थेच्या गद्य नाटकात लहानसे काम मिळाले तर अवश्य करा. जमल्यास पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रासारख्या ठिकाणच्या अभिनय कार्यशाळांकडेही लक्ष ठेवा.

मध्यलय

काल दिग्दर्शकांसमोर दोन्ही पट्ट्यांत पद गायले. काळी तीनमध्ये ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग माझी सर्व पदे त्याच पट्टीत बसवायचे त्यांनी मान्य केले. नायकाची पट्टी काळी एकच आहे, त्यामुळे द्वंद्वगीतही सुटेल असे ऑर्गनवादक म्हणाले. तालमी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतील, म्हणजे नोकरी तूर्त सोडावी लागणार नाही. दौऱ्याच्या दिवसांसाठी बिनपगारी रजेचा अर्ज मी दिला आहे.

कराराचा मसुदा अजून हाती आलेला नाही. "तिसरी घंटा" यांनी सांगितलेले चारही मुद्दे मी लिहून निर्मात्यांकडे पाठवले आहेत आणि त्यावर सही झाल्याशिवाय जाहिरातीसाठी छायाचित्र देणार नाही, असे नम्रपणे कळवले आहे. पहिली तालीम सोमवारी आहे. ती केवळ गद्याची ठेवावी, अशी विनंती मी स्वतः केली आहे.